शाहीर अमर शेख : मोठा विचार साध्या माणसापर्यंत नेणारा आपला माणूस

१ मे आला की अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूरच्या शाळांमध्ये महाराष्ट्र दिन साजरा होतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याची आठवण निघते. आचार्य अत्रे, कॉम्रेड डांगे, एसेम जोशी, प्रबोधनकार ठाकरे ही नावं घेतली जातात. अलीकडे अण्णाभाऊ साठे यांचंही नाव आवर्जून घेतलं जातं आणि ते योग्यच आहे. पण याच यादीतलं एक नाव आपल्या मुलांना विचारलं, तर बहुतेकांना सांगता येणार नाही. ते नाव आहे शाहीर अमर शेख यांचं.

मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. आपण घरात कधी सांगितलं का, हा खरा प्रश्न आहे. या तिन्ही शहरांत नोकरी-धंद्यासाठी सोलापूर, उस्मानाबाद, लातूरकडून येऊन स्थिरावलेली मराठी मुस्लिम घरं आहेत. अमर शेख त्याच मातीतले. आपल्यासारख्याच गरीब घरातून ते आले, पोटासाठी गाव सोडून मुंबईला पोचले आणि ज्या गोष्टी सरकारी अहवालांत आणि विद्वानांच्या भाषणांत अडकून पडल्या होत्या, त्या त्यांनी गिरणीतल्या, गोदीतल्या, शेतातल्या माणसाला समजतील अशा करून सांगितल्या. ते त्यांना कसं जमलं, हे आज समजून घेण्याची आपल्याला फार गरज आहे, असं आम्हाला वाटतं.

बार्शीचा मेहबूब

अमर शेख यांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६ चा, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचा. त्या काळी बार्शी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होती, पण निजामाची हद्द हाकेच्या अंतरावर. व्यापाराचं गाव, कापसाचं गाव, गिरण्यांचं गाव. मराठी, दखनी, कानडी असे तीन-चार बोलीभाषांचे सूर बाजारात एकाच वेळी कानावर पडावेत, असा तो मुलूख.

घरची परिस्थिती गरिबीची. आईचं नाव मुनेरबी. शाहिराला लोकगीतांचा वारसा मिळाला तो या आईकडून. आपल्यापैकी ज्यांच्या दादी-नानी खेड्यात वाढल्या, त्यांना हे वेगळं सांगायला नको. सोलापूर-मराठवाड्याकडच्या मुस्लिम घरांतही पहाटे जातं फिरायचं आणि त्या घरघरीबरोबर ओवी यायची. घरात दखनी बोलणारी बाई जात्यावर बसली की मराठीत गायची आणि त्यात तिला काही वेगळं केल्यासारखं वाटायचं नाही. मेहबूबची पहिली शाळा हीच. गाणं म्हणजे मोठ्यांच्या बैठकीतली चीज नसून कष्ट करताना तोंडात येणारी गोष्ट आहे, हे त्यांना लहानपणीच कळलं.

पोटासाठी त्यांनी काय काय केलं याची यादी पाहिली तर आपल्या आजूबाजूच्या कितीतरी घरांची गोष्ट वाटते. कधी पाणक्या होऊन पाणी भरलं, कधी गाडीवर क्लिनरचं काम केलं, मग गिरणीत कामगार झाले. १९३०-३२ च्या सुमारास स्वातंत्र्याच्या चळवळीचं वारं बार्शीतही पोचलं आणि हा मुलगा त्यात ओढला गेला. पुढे गिरणी कामगारांचे पुढारी म्हणून त्यांनी काम केलं. संपात पुढाकार घेतल्याबद्दल त्यांची रवानगी विसापूरच्या तुरुंगात झाली.

हे विसापूर नगर जिल्ह्यातल्या श्रीगोंदा तालुक्यातलं. ज्या श्रीगोंद्यात काही शतकांपूर्वी संत शेख महंमद यांनी मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला, त्याच तालुक्यातल्या तुरुंगात या दुसऱ्या शेखांच्या आयुष्याला वळण मिळालं. तिथे त्यांना कॉ. रघुनाथ कऱ्हाडकर यांचा सहवास लाभला. मजुराला मजुरी कमी का मिळते, भाकरी पिकवणारा उपाशी का राहतो, हे प्रश्न त्यांना आधीच पडलेले होते. त्या प्रश्नांची एकसंध मांडणी त्यांना तुरुंगात भेटली. ते साम्यवादी विचाराकडे वळले. आपल्यातल्या अनेकांना तो पक्ष आणि त्याचे सगळे विचार पटणार नाहीत, ते न पटण्याचा हक्कही आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. हा माणूस विचार पुस्तकातून शिकून लोकांना शिकवायला निघाला नव्हता. आधी उपास भोगला, घाम गाळला, संप केला, तुरुंग पाहिला आणि मग गायला उभा राहिला. ऐकणाऱ्याला हा फरक लगेच कळतो.

नाव बदललं, ओळख नाही लपवली

तुरुंगातून सुटल्यावर ते पुढे कोल्हापूरला गेले. कोल्हापूर तेव्हा मराठी सिनेमाचं माहेरघर होतं. मास्टर विनायकांच्या स्टुडिओत त्यांना काम मिळालं. तिथेच मेहबूब पटेल यांचे ‘अमर शेख’ झाले.

या नावापाशी आपण थोडं थांबलं पाहिजे. त्या काळात सिनेमा-नाटकात आलेले अनेक मुस्लिम कलावंत असं नाव घ्यायचे, ज्यावरून धर्म कळू नये. युसूफ खान यांचे दिलीपकुमार झाले ते याच दशकात. त्यात चूक काही नाही, तो धंद्याचा रिवाज होता. मेहबूब यांच्याकडे तर ‘पटेल’ हे आडनाव आधीपासूनच होतं, ज्यावरून धर्म सांगता येत नाही. त्यांनी बदललं ते नेमकं उलट. पहिलं नाव ‘अमर’ घेतलं, जे मराठी माणसाच्या तोंडात सहज बसतं. आडनावाच्या जागी ‘शेख’ आणलं, जे ऐकताच कोणालाही कळावं की माणूस मुसलमान आहे. यामागे त्यांचा काय हिशेब होता, हे आम्ही सांगू शकत नाही. पण परिणाम मात्र उघड दिसतो. पुढची पंचवीस-तीस वर्षं गावोगावच्या भिंतींवर, हँडबिलांवर, कार्यक्रमाच्या घोषणांमध्ये हे दोन शब्द शेजारी-शेजारी राहिले. मराठी आणि मुसलमान या दोन गोष्टी एकत्र नांदतात, हे सांगायला त्यांना वेगळं भाषण करावं लागलं नाही.

लालबावटा कलापथक

पुढे मुंबई हेच त्यांचं कार्यक्षेत्र झालं. लालबाग-परळच्या गिरणगावात तेव्हा लाखो कामगार चाळींमध्ये राहत होते. कोकणातले, घाटावरचे, हिंदू, मुसलमान, दलित, सगळे. बहुतेकांना वाचता येत नव्हतं. पेपर एक जण वाचायचा आणि दहा जण ऐकायचे. अशा ठिकाणी १९४० च्या दशकात लालबावटा कलापथक उभं राहिलं. त्याचे तीन खांब म्हणजे अण्णाभाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि अमर शेख. वाटेगावचे मातंग समाजातले अण्णाभाऊ आणि बार्शीचे मुसलमान अमर शेख एका मंचावर डफाच्या तालावर उभे राहायचे, तेव्हा समोरच्या कामगाराला त्यात आपलीच चाळ दिसत असणार.

या मंडळींनी नवीन काय केलं? खरं तर त्यांनी साधन जुनंच घेतलं. पोवाडा, लावणी, तमाशा, वग. पण आतला माल बदलला. तमाशाच्या सुरुवातीला गण असतो, त्यात देवाला वंदन करण्याची रीत. अण्णाभाऊंनी त्या जागी धरतीला, कष्टकऱ्याला, हुतात्म्यांना वंदन आणलं. वगात राजा-राणीऐवजी सावकार, पुढारी, मजूर आले. लोकांना खेळाची रीत पाठ होती. पुढे काय येणार हे ठाऊक होतं, त्यामुळे नवा विचार ऐकताना अनोळखी वाटत नव्हता.

पोवाड्याची रचनाच मुळी समजावून सांगण्यासाठी झालेली आहे. शाहीर एक ओळ म्हणतो, मागचे झीलकरी ती उचलून धरतात. जी गोष्ट एकदा ऐकून निसटली असती, ती दोनदा-तीनदा कानावर पडते. मग शाहीर मध्येच थांबतो, डफ खाली घेतो आणि साध्या बोलीत प्रसंग सांगतो. कोणी हसवतो, कोणी चिमटा काढतो. पुन्हा ताल सुरू. तासाभरात ऐकणारा स्वतःच धृपद म्हणायला लागतो. घरी जाताना ते गुणगुणतो आणि दुसऱ्या दिवशी गिरणीत साच्यावर उभा असताना शेजाऱ्याला सांगतो. विचार असा पसरायचा. ना छापखाना, ना रेडिओ.

त्यात अमर शेख यांचा आवाज. पहाडी, खुला, लांबवर जाणारा. हजारोंच्या सभेत शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा. हातात डफ, चेहऱ्यावर सगळा प्रसंग. ज्यांनी त्यांना ऐकलं, त्यांनी त्या आवाजाची आठवण आयुष्यभर काढली. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं अन्नावाचून मेली. कुठे बंगाल आणि कुठे आपला सातारा-सोलापूर! पण अण्णाभाऊंनी ‘बंगालची हाक’ हा पोवाडा लिहिला आणि कलापथकाच्या कार्यक्रमांतून तिथल्या भुकेची हकीकत इथल्या माणसापर्यंत पोचली. कधी न पाहिलेल्या माणसाचं दुःख आपलं वाटायला लावणं, ही काही छोटी गोष्ट नाही.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने लालबावटा कलापथकावर बंदी आणली. गाण्याची सरकारला भीती वाटावी, यावरून ते गाणं कुठवर पोचलं होतं याचा अंदाज येतो. याच काळात, १९४७ मध्ये, कुसुम जयकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे त्या ज्योती या नावाने ओळखल्या गेल्या. त्यांची मुलगी मलिका अमर शेख या मराठीतल्या महत्त्वाच्या कवयित्री आहेत.

अहवालातला प्रश्न आणि घरातली ओढ

आता संयुक्त महाराष्ट्राकडे येऊ. शाळेच्या पुस्तकात हा लढा दोन-चार पानांत संपतो, पण त्या वेळच्या सामान्य माणसाला तो समजावून सांगणं सोपं नव्हतं. न्या. फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये अहवाल दिला. त्यात मराठी आणि गुजराती भाषकांचं एकत्र मुंबई राज्य आणि विदर्भ वेगळा, अशी शिफारस होती. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचं जाहीर झालं. मग १ नोव्हेंबर १९५६ ला कच्छपासून विदर्भापर्यंत पसरलेलं मोठं द्विभाषिक राज्य आलं. आपला ठाणे जिल्हा, आपलं अंबरनाथ-बदलापूर, नुकतंच १९४९ मध्ये कल्याण कॅम्पाचं उल्हासनगर झालेलं सिंधी निर्वासितांचं शहर, हे सगळं त्याच द्विभाषिकात होतं.

द्विभाषिक, भाषावार प्रांतरचना, केंद्रशासित. हे शब्द गोदीतल्या हमालाला कसे सांगणार? राज्य कोणत्या भाषेचं आहे यावर त्याची भाकरी, त्याच्या मुलाची शाळा, कोर्टातला कागद कसा अवलंबून आहे, हे त्याच्या गळी कसं उतरवणार? इथे शाहीर कामाला आले. याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे अण्णाभाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड. त्यात एक तरुण नव्या बायकोला गावी ठेवून पोटासाठी मुंबईला येतो. तिची आठवण त्याला सोडत नाही. ऐकणाऱ्या प्रत्येक कामगाराची हीच कथा, कारण बहुतेकांची घरवाली गावीच असायची. गाणं पुढे सरकतं आणि कळतं, की जशी मैना दूर राहिली तसेच बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव महाराष्ट्रापासून दूर राहिले आहेत. अहवालाच्या शेकडो पानांतला प्रश्न एका घरातल्या ओढीत येऊन बसला. ज्याला नकाशा वाचता येत नव्हता, त्यालाही सीमाप्रश्न कळला.

अमर शेख यांनी या लढ्यात आपलं पथक घेऊन महाराष्ट्र पालथा घातला. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. त्यात समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन असे एकमेकांशी न पटणारे पक्ष एकत्र आले होते. सभेत पुढाऱ्यांच्या भाषणाआधी शाहीर उभा राहायचा आणि मैदान भरायचं. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसला जबर धक्का दिला. शंभराहून अधिक माणसांनी या लढ्यात जीव दिला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं.

आता काळ आठवून पाहा. फाळणीला जेमतेम नऊ-दहा वर्षं झाली होती. १९४८ ची हैदराबादची पोलीस कारवाई सोलापूर-उस्मानाबादच्या मुसलमानांच्या मनात ताजी होती. मुसलमान माणसाकडे संशयाने बघण्याची सवय अनेकांना लागलेली होती. नेमक्या त्या दिवसांत एक मुसलमान शाहीर हजारोंच्या समोर छत्रपती शिवाजी महाराजांचा पोवाडा गात होता, मराठी राज्याची मागणी करत होता आणि लोक त्याला डोक्यावर घेत होते. आपलं मराठीपण सिद्ध करून दाखवावं असं त्यांच्या गाण्यात कुठे नव्हतं. ते हक्काने गात होते. भाषेच्या पायावर राज्य मागितलं, तर त्या भाषेत बोलणारा प्रत्येक जण त्या राज्याचा मालक होतो, मग त्याचा धर्म कोणताही असो. हा विचार त्यांनी शब्दांतून सांगितलाच, पण त्याहून जास्त आपल्या उभं राहण्यातून सांगितला.

आणि ही परंपरा काही त्यांच्यापासून सुरू झाली नव्हती. शाहीर हा शब्दच अरबी ‘शायर’ वरून आलेला. डफ हे नाव ‘दफ’ वरून. पेशवाईच्या अखेरीस गाजलेले शाहीर सगनभाऊ मुसलमान होते, व्यवसायाने शिकलगार. मराठी शाहिरीच्या अंगणात आपण पाहुणे कधीच नव्हतो.

शेवटची वर्षं

महाराष्ट्र झाल्यावर अमर शेख थांबले नाहीत. गोवामुक्तीच्या आंदोलनातही त्यांची शाहिरी होती. १९६२ मध्ये चीनने आक्रमण केलं, तेव्हा ते संरक्षण निधीसाठी गायले. कम्युनिस्ट पक्षात त्या वेळी चीनवरून मोठे मतभेद होते. अशा वेळी पक्षातल्या वादात न अडकता त्यांनी देशासाठी डफ उचलला, याची नोंद घ्यायला हवी.

त्यांनी लिहिलंही भरपूर. ‘अमरगीत’ हा गीतसंग्रह, ‘पहिला बळी’ हे नाटक, ‘कलश’ (१९५८) आणि ‘धरतीमाता’ (१९६३) हे कवितासंग्रह. ‘युगदीप’ आणि ‘वक्त की आवाज’ ही मासिकं त्यांनी चालवली. एक नाव मराठी, दुसरं हिंदुस्थानी. १९६१ च्या ‘प्रपंच’ या चित्रपटात त्यांनी भूमिका केली. आचार्य अत्रे त्यांची तुलना रशियाचा क्रांतिकवी मायकोव्हस्की याच्याशी करत.

१९६९ हे साल मराठी जनतेसाठी वाईट निघालं. १३ जूनला अत्रे गेले. १८ जुलैला अण्णाभाऊ गेले. २९ ऑगस्टला इंदापूरजवळ झालेल्या अपघातात अमर शेख गेले. वय अवघं ५२. ज्या तीन माणसांनी महाराष्ट्राचा विचार लेखणीने, वाणीने आणि आवाजाने घराघरांत पोचवला, ते तिघे अडीच-तीन महिन्यांत निघून गेले. आज मुंबई विद्यापीठात अमर शेख यांच्या नावाने अध्यासन आहे. पण विद्यापीठातलं नाव वेगळं आणि मोहल्ल्यातल्या पोराच्या तोंडी असलेलं नाव वेगळं.

आपल्यासाठी काय?

आपल्या वस्त्यांमध्ये आज माहितीला तोटा नाही. मोबाइल उघडला की शंभर व्हिडिओ. तरीही शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा, आरटीईमध्ये मुलाला प्रवेश कसा मिळतो, मतदार यादीत नाव का तपासायचं, मुलीने पुढे का शिकायचं, हे समजावून सांगणारा माणूस शोधावा लागतो. जे जाणकार आहेत ते जड भाषेत बोलतात. जे सोपं बोलतात त्यातले बरेच जण अर्धवट किंवा भडक सांगतात. अमर शेख यांनी या दोन्हींच्या मधली वाट दाखवली होती. सोपं करून सांगायचं, पण हलकं करायचं नाही. आधी स्वतः नीट समजून घ्यायचं, मग ऐकणाऱ्याच्या रोजच्या जगण्यातलं उदाहरण शोधायचं आणि त्याच्याच बोलीत बोलायचं.

आमच्या मते त्यासाठी आधी भाषा आपली हवी. उल्हासनगरच्या एका रस्त्यावर सिंधी, मराठी, हिंदी, उर्दू सगळं ऐकू येतं. त्या गर्दीत आपली मुलं मराठी फक्त परीक्षेपुरती शिकत असतील, तर उद्या तलाठी कार्यालयात, पोलीस ठाण्यात, पालिकेत आपली बाजू ती कोणत्या भाषेत मांडणार? उर्दू जपायचीच, दीनी तालीम द्यायचीच, इंग्रजीही यायलाच हवी. पण मराठी ही परक्याची भाषा आहे असं घरात कधी वाटू देऊ नये. ज्या भाषेत मुनेरबींनी गाणी गायली, ती आपल्या घरची भाषा आहे.

एक छोटं काम आजच करता येईल. घरात दादी-नानी असतील, त्यांना जात्यावरच्या ओव्या, लग्नातली गाणी, मोहरमची गाणी आठवत असतील, तर मुलांना त्यांच्याजवळ बसवा आणि ती वहीत उतरवून घ्या, मोबाइलवर रेकॉर्ड करा. २० ऑक्टोबरला शाळेत किंवा मोहल्ल्याच्या वाचनालयात अमर शेख यांच्यावर अर्ध्या तासाचा कार्यक्रम ठेवा. मोठा मंडप नको, पाहुणे नकोत. एखाद्या मुलाने त्यांची गोष्ट मराठीत सांगितली आणि ती शेवटच्या रांगेतल्या अम्मीला समजली, तर तेवढं पुरेसं आहे.